अतिदक्षता विभागातील रुग्ण आणि इन्फ्लुएन्झाची तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मोठ्या रुग्णालयांत देवास, धार, खरगोन, बडवानी, झाबुआ अशा जिल्ह्यांतून पाठवलेले गंभीर रुग्ण येतात. त्यांच्यापैकी पुष्कळ जण आधी एक-दोन दवाखाने पालथे घालून, तापाचा चौथा-पाचवा दिवस उलटल्यावर, धाप लागलेल्या अवस्थेत अतिदक्षता विभागात पोहोचतात. इन्फ्लुएन्झाच्या तपासणीत या उशिराला फार महत्त्व आहे, कारण त्या वेळेपर्यंत विषाणू नाकात उरला आहे की फुप्फुसांत उतरला आहे, यावर नमुना कुठून घ्यायचा हे ठरते आणि रिपोर्टचा अर्थही त्यावरच लावावा लागतो. पुढील प्रश्न शहरातील मराठी कुटुंबांकडून, तसेच अतिदक्षता विभागात नव्याने रुजू झालेल्या परिचारिका व निवासी डॉक्टरांकडून नेहमी विचारले जातात. उत्तरे माहितीसाठी आहेत. एखाद्या रुग्णाबाबतचा निर्णय त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

अतिदक्षता विभागातील कोणत्या रुग्णाची इन्फ्लुएन्झासाठी तपासणी करावी?

फ्लूचा हंगाम चालू असताना न्यूमोनिया, श्वसनक्रिया निकामी होणे किंवा कारण न कळलेला ताप यांपैकी काहीही घेऊन अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाची तपासणी करावी. दमा, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुना आजार) किंवा हृदयविकार अचानक बळावल्याने दाखल झालेल्या रुग्णांनाही हेच लागू आहे, कारण हे जुने आजार उसळण्यामागे पुष्कळदा फ्लूच असतो आणि तो जुन्या आजाराच्या आड झाकला जातो. वृद्ध रुग्णांत, तसेच स्टिरॉइड, केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे घेणाऱ्यांत ताप मुळीच नसू शकतो. वयस्कर रुग्ण केवळ गोंधळल्यासारखा वागतो, जेवणावरची त्याची वासना जाते आणि ऑक्सिजनची पातळी खाली येते, एवढ्याच खुणा दिसतात. ताप नाही म्हणून फ्लू नाही, हा निष्कर्ष अशा रुग्णांत धरता येत नाही.

भारतात हंगाम कोणता, हा प्रश्नही येथे येतो. देशाच्या बहुतांश भागांत पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात, इन्फ्लुएन्झाची मोठी लाट येते आणि जानेवारी ते मार्च या काळात दुसरी लाट येऊ शकते. माळव्यात म्हणजे गणपतीच्या दिवसांत एकदा आणि थंडी ओसरताना पुन्हा एकदा सावध राहणे आले. २०१५ साली वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत आलेल्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) लाटेत देशभरात ४२ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि मध्य प्रदेश तेव्हा जास्त झळ बसलेल्या राज्यांपैकी एक होता. हंगामाबाहेरही, घरात किंवा प्रवासात कोणाला फ्लूसारखा आजार झाल्याची माहिती मिळाली, तर तपासणी करणे योग्य ठरते.

नाकातल्या स्वॅबचा रिपोर्ट निगेटिव्ह आला आहे. तरीही डॉक्टर पुन्हा नमुना का मागत आहेत?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्यामागे अनेकदा शंका असते की रुग्णालय उगाच खर्च वाढवत आहे. प्रत्यक्षात व्हेंटिलेटरवरील रुग्णाबाबत हा पुन्हा घेतलेला नमुना बहुधा पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा असतो.

इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथम नाक आणि घशाच्या आतील आवरणात वाढतो. धडधाकट प्रौढ व्यक्तीत लक्षणे सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून तो बाहेर पडू लागतो, पहिल्या तीन दिवसांत त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते आणि पाच ते सात दिवसांत ते बरेच ओसरते. ज्या थोड्या रुग्णांत आजार फुप्फुसांपर्यंत पोहोचतो, त्यांच्यात खाली वायुकोशांत विषाणूची वाढ पुढेही चालू राहते, पण वरचा भाग मात्र तोवर जवळपास मोकळा झालेला असतो. २००९ च्या एच१एन१ महासाथीत अतिदक्षता विभागांतून आलेल्या अनुभवात हे ठळकपणे दिसले : नाकातला नमुना निगेटिव्ह आणि श्वासनलिकेतला नमुना पॉझिटिव्ह, असे रुग्ण दहांत एक किंवा त्याहूनही जास्त प्रमाणात आढळले. म्हणूनच श्वसनक्रिया निकामी होऊन व्हेंटिलेटरवर ठेवलेल्या रुग्णाचा वरचा नमुना निगेटिव्ह आला असला तरी श्वासनलिकेतील स्राव तपासावा, अशी स्पष्ट शिफारस अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा की खरगोनहून सहाव्या दिवशी आलेल्या, ट्यूब (श्वासनलिकेत घातलेली श्वासाची नळी) टाकलेल्या रुग्णाच्या नाकातला निगेटिव्ह स्वॅब फारसे काही सांगत नाही. तो स्वॅब आजाराच्या कितव्या दिवशी घेतला, कोणत्या प्रकारची चाचणी केली आणि नमुना नीट मिळाला होता का, या तीन गोष्टी कळल्याशिवाय रिपोर्ट वाचू नये. रेफर चिठ्ठीवर नेमकी हीच माहिती लिहिलेली नसते, हे येथे नाइलाजाने नमूद करावेसे वाटते. नातेवाइकांनी ताप कोणत्या तारखेला सुरू झाला एवढे जरी कागदावर लिहून आणले, तरी डॉक्टरांचे काम पुष्कळ सोपे होते.

श्वासनलिकेतील नमुना कसा घेतात? त्यात रुग्णाला धोका असतो का?

ट्यूब टाकलेल्या रुग्णात नळीतून बारीक कॅथेटर आत सरकवून सक्शनने स्राव ओढला जातो आणि तो निर्जंतुक डबीत गोळा केला जातो. रुग्णाचा कफ काढण्यासाठी हे काम दिवसातून अनेकदा करावेच लागत असल्यामुळे त्यात वेगळा असा मोठा धोका नसतो. ऑक्सिजन थोडा वेळ खाली येऊ शकतो, म्हणून आधी काही क्षण ऑक्सिजनचे प्रमाण वाढवले जाते.

ब्रॉन्कोस्कोपी करून फुप्फुसाच्या एका भागात सलाइन सोडायचे आणि ते परत ओढून घ्यायचे, ही पद्धत वेगळी आहे. तिला बीएएल किंवा बोलीत नुसते लव्हाज म्हणतात. यातून मिळणारा नमुना उत्तम असतो, परंतु ऑक्सिजनची गरज फार जास्त असलेल्या रुग्णात ही प्रक्रिया झेपेलच असे नाही. केवळ फ्लू तपासण्यासाठी ब्रॉन्कोस्कोपी करण्याची गरज सहसा पडत नाही, कारण सक्शनचा स्राव त्यासाठी पुरेसा असतो. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णात बुरशी, क्षयरोग किंवा इतर जंतूंचाही शोध घ्यायचा असेल तेव्हा मात्र ती करावी आणि त्याच नमुन्यातून फ्लूही तपासून घ्यावा.

ज्या रुग्णाला ट्यूब नाही, फक्त मास्कवर किंवा हाय-फ्लो ऑक्सिजनवर ठेवले आहे, त्याच्या बाबतीत नाकाच्या मागील पोकळीतला स्वॅब हाच पहिला नमुना असतो. खोकल्यातून कफ पडत असेल तर तोही पाठवता येतो. नुसत्या नमुन्यासाठी रुग्णाला ट्यूब टाकली जात नाही; तशी टाकतात अशी शंका काही नातेवाइकांच्या मनात असते म्हणून हे सांगितले.

नाकातला स्वॅब योग्य रीतीने घेतला आहे हे कसे ओळखावे?

हे उत्तर प्रामुख्याने परिचारिका आणि निवासी डॉक्टरांसाठी आहे. स्वॅब नाकपुडीच्या तोंडाशी फिरवून काढला, तर त्यात विषाणू सापडण्याची शक्यता घटते. डोके किंचित मागे करून स्वॅब टाळूला समांतर, सरळ मागे न्यायचा असतो; वर कपाळाच्या दिशेने नाही. नाकपुडीपासून कानापर्यंतच्या अंतराच्या साधारण निम्म्यावर, जेथे अडथळा जाणवतो तेथे काही सेकंद थांबून हलकेच फिरवावा आणि मग बाहेर काढावा. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याच्या डोळ्यांत पाणी येते. ते पाणी म्हणजे नमुना खोलवरून घेतल्याची बऱ्यापैकी विश्वासार्ह खूण आहे. प्लेटलेट फार कमी असलेल्या रुग्णात रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारावे.

स्वॅबची काडी प्लास्टिकची आणि टोक कृत्रिम धाग्याचे, शक्यतो फ्लॉक्ड (बारीक उभ्या तंतूंच्या) प्रकारचे असावे. लाकडी काडीचा साधा कापसाचा बोळा किंवा कॅल्शियम अल्जिनेटचा स्वॅब वापरू नये, कारण त्यांतील घटक पीसीआरच्या, म्हणजे विषाणूची जनुकीय सामग्री शोधणाऱ्या चाचणीच्या, प्रक्रियेत अडथळा आणतात. नाकाच्या मागून नमुना घेणे शक्य नसेल तर नाक आणि घसा या दोन्ही ठिकाणचे स्वॅब घेऊन एकाच व्हीटीएमच्या (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवाच्या) नळीत टाकावेत. एकट्या घशातल्या स्वॅबवर विसंबू नये.

त्यानंतर खरी कसोटी साठवणुकीची असते. नळी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी आणि ७२ तासांच्या आत तपासणी व्हावी. त्याहून उशीर होणार असेल तर नमुना उणे ७० अंशांवर ठेवावा लागतो. घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तो ठेवू नये, कारण तेवढ्या अर्धवट गोठण्याने विषाणूचे नुकसानच होते. बाहेरगावी पाठवताना तिहेरी आवरण, बर्फाच्या पिशव्या, आणि रुग्णाचे नाव, नमुन्याचा प्रकार, नमुना घेतल्याची वेळ व लक्षणे सुरू झाल्याची तारीख लिहिलेला कागद एवढे हवेच. वॉर्डच्या टेबलावर रात्रभर पडून राहिलेल्या नळीचा निगेटिव्ह रिपोर्ट रिपोर्ट म्हणून गणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंधरा मिनिटांत होणारी रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली. ती पुरेशी नाही का?

गंभीर रुग्णासाठी पुरेशी नाही. बाजारात ‘रॅपिड’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या चाचण्या मिळतात आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. पहिली अँटिजेन चाचणी. ती पट्टीवर विषाणूचे प्रथिन शोधते. तिची संवेदनशीलता ५० ते ७० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे फ्लू असलेल्या दहा रुग्णांपैकी तीन ते पाच जण तिच्या हातून निसटतात. ती पॉझिटिव्ह आली तर हंगामात तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नसते, परंतु निगेटिव्ह आली तर अतिदक्षता विभागात तिला काही वजन देऊ नये आणि आरटी-पीसीआर करून घ्यावी. शिवाय यांपैकी बहुतेक पट्ट्या नाक-घशाच्या नमुन्यांसाठी बनवलेल्या असतात; व्हेंटिलेटरच्या नळीतून काढलेला चिकट स्राव त्यांवर टाकून आलेला निकाल ग्राह्य धरता येत नाही.

दुसरी चाचणी काडतूस पद्धतीची, म्हणजे छोट्या यंत्रात कार्ट्रिज घालून विषाणूचा आरएनए शोधणारी. ती साधारण १५ मिनिटांपासून तासाभरात निकाल देते आणि तिची संवेदनशीलता अँटिजेनपेक्षा कितीतरी जास्त असते. रिपोर्टवर फक्त ‘रॅपिड’ असे लिहिले असेल, तर दोन्हींपैकी कोणती हे प्रयोगशाळेला विचारून घ्यावे.

आरटी-पीसीआर म्हणजे नेमके काय, आणि रिपोर्टला इतका वेळ का लागतो?

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूची जनुकीय सामग्री आरएनएच्या स्वरूपात असते. प्रथम नमुन्यातून आरएनए वेगळा काढतात, विकराच्या साहाय्याने त्याची डीएनए प्रत बनवतात आणि मग त्या प्रतीचा ठरावीक तुकडा तापमानाच्या आवर्तनांतून पुन्हा पुन्हा दुप्पट करत नेतात. तो तुकडा नमुन्यात असेल तर प्रत्येक आवर्तनागणिक चमक वाढत जाते आणि यंत्र ती टिपते. इन्फ्लुएन्झा ए साठी सहसा मॅट्रिक्स जनुक शोधले जाते, कारण ते फारसे बदलत नाही. त्यानंतर उपप्रकार एच१ की एच३ हे वेगळ्या चाचणीने ठरवतात. त्याच वेळी माणसाच्या पेशींतील एक जनुकही तपासले जाते. ते सापडले नाही, तर स्वॅबवर रुग्णाच्या पेशीच आल्या नाहीत किंवा नमुन्यातील एखाद्या घटकाने प्रक्रिया अडवली असे समजून निकाल ‘अनिर्णित’ देतात. नळीतला घट्ट कफ असा अडथळा आणू शकतो.

प्रत्यक्ष यंत्रावर हे काम काही तासांत उरकते. दिवस लागतात ते वाहतुकीमुळे आणि अनेक नमुने एकत्र लावण्याच्या पद्धतीमुळे. २००९ मध्ये आणि त्यानंतरही काही वर्षे इंदूरचे नमुने ग्वाल्हेरच्या डीआरडीई (संरक्षण खात्याची संशोधन संस्था) किंवा जबलपूरच्या आयसीएमआर संस्थेकडे पाठवावे लागत असत. आता महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात विषाणू प्रयोगशाळा आहे, भोपाळच्या एम्समध्ये आहे, आणि शहरातील खासगी प्रयोगशाळाही ही चाचणी करतात. तरीही नमुना संध्याकाळी उशिरा पोहोचला तर तो दुसऱ्या दिवशीच्या तुकडीत लागणार, हे गृहीत धरावे.

रिपोर्ट येईपर्यंत औषध थांबवून ठेवायचे का?

नाही. हंगामात फ्लूची शंका असलेल्या गंभीर रुग्णाला ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूच्या विषाणूवरचे औषध नमुना घेतल्याबरोबर, रिपोर्टची वाट न पाहता सुरू करावे. लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत ते दिल्यास सर्वाधिक लाभ होतो, परंतु गंभीर रुग्णात त्यानंतरही ते देणे योग्य मानले जाते. ‘पाच दिवस होऊन गेले, आता काय उपयोग’ हा युक्तिवाद अतिदक्षता विभागात मान्य करता येत नाही.

प्रौढांसाठी मात्रा ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा अशी असते. मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर ती कमी करावी लागते. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून औषध नाकातून पोटात घातलेल्या नळीतून देतात, आणि ते बऱ्यापैकी शोषले जाते. दुप्पट मात्रेने अधिक फायदा होतो असे अभ्यासांत दिसलेले नाही. ओढून घ्यायचे झानामिव्हिर हे पावडरचे औषध व्हेंटिलेटरच्या नळीतून देऊ नये, कारण त्यातील दुग्धशर्करा यंत्राच्या मार्गात साचून अडथळा होऊ शकतो. गर्भवती स्त्रियांत फ्लू झपाट्याने गंभीर होतो, म्हणून त्यांना हे औषध देण्यात विशेष दिरंगाई करू नये.

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत फ्लूच्या रुग्णांची अ, ब आणि क अशी वर्गवारी आहे. धाप, छातीत दुखणे, रक्तदाब उतरणे, कफातून रक्त, नखे निळसर होणे अशी चिन्हे असलेला रुग्ण क वर्गात मोडतो, आणि त्याला तपासणी, रुग्णालयात दाखल करणे व औषध हे तिन्ही तातडीने लागते.

एक-दोन मात्रा दिल्यानंतर नमुना घेतला तर तपासणी व्यर्थ जाते का?

जात नाही. औषधाने विषाणूचे प्रमाण हळूहळू उतरते. पीसीआर पहिल्या काही दिवसांत तरी ते पकडते. मात्र नमुना आधी, औषध लगेच नंतर, हा क्रम जमत असेल तर तो पाळावा.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आता अँटिबायोटिक बंद करता येईल का?

लगेच नाही. फ्लूने श्वसनमार्गाचे आवरण खरवडून निघते आणि त्या जागी जिवाणूंना शिरकाव मिळतो. न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस हे त्यांतले प्रमुख. म्हणून गंभीर रुग्णात फ्लू पॉझिटिव्ह आला असला तरी रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) आणि श्वासनलिकेतील स्रावाचे कल्चर आवर्जून पाठवावे, तेही शक्यतो अँटिबायोटिकची पहिली मात्रा देण्यापूर्वी. कल्चर स्वच्छ आले आणि रुग्ण सुधारत असेल तर दोन-तीन दिवसांनी अँटिबायोटिक थांबवण्याचा विचार करता येतो. प्रोकॅल्सिटोनिन या रक्ततपासणीची त्यात मदत होते, परंतु केवळ तिच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

याहून कमी ओळखीची, पण अधिक घातक गुंतागुंत म्हणजे अ‍ॅस्परजिलस या बुरशीचा संसर्ग. पूर्वी तो ल्युकेमियासारख्या आजारांतच होतो असे मानत. नेदरलँड्स आणि बेल्जियममधील अतिदक्षता विभागांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लूने गंभीर झालेल्या रुग्णांपैकी १९ टक्क्यांना तो झालेला आढळला, आणि त्यांतले बरेच जण पूर्वी ठणठणीत होते. सगळीकडे प्रमाण तेवढेच असेल असे नाही. तथापि योग्य उपचार चालू असतानाही ऑक्सिजनची गरज पुन्हा वाढू लागली, तर लव्हाजच्या नमुन्यातून गॅलॅक्टोमॅनन (या बुरशीचा घटक शोधणारी तपासणी) आणि बुरशीचे कल्चर पाठवायला उशीर करू नये. पॉझिटिव्ह फ्लूच्या रिपोर्टने शोध संपला असे मानले गेले, तर नेमकी हीच गोष्ट नजरेतून सुटते.

पावसाळ्यात डेंग्यू आणि कोरोनाही असतो. मग सर्वांची एकत्र तपासणी करावी का?

इंदूरसारख्या शहरात पावसाळ्यातल्या तापात हा पेच रोजचा आहे. फ्लूतही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटू शकतात, त्यामुळे नुसत्या सीबीसीवरून (रक्तपेशींच्या मोजणीवरून) डेंग्यू म्हणणे धोक्याचे ठरते. गंभीर रुग्णात डेंग्यूची एनएस१ व आयजीएम चाचणी, मलेरिया आणि परिस्थितीनुसार स्क्रब टायफस व लेप्टोस्पायरोसिस यांच्या तपासण्या फ्लूच्या बरोबरीनेच केल्या जातात. एकाच रुग्णाला दोन आजार असणेही अशक्य नसते.

कोरोना वेगळा काढणे तर उपचारांच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे. ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोनाच्या रुग्णाला डेक्सामेथासोनने जीवदान मिळते हे २०२० मध्ये सिद्ध झाले, परंतु इन्फ्लुएन्झाच्या न्यूमोनियात स्टिरॉइडमुळे विषाणू अधिक काळ रेंगाळणे आणि जिवाणू किंवा बुरशीचा संसर्ग जडणे यांचा धोका असल्याने, इतर काही कारण नसेल तर ते टाळण्याची शिफारस आहे. दोन्हींचा एक्स-रे मात्र हुबेहूब सारखा दिसू शकतो.

वीस-बावीस जंतू एकदम शोधणारी मल्टिप्लेक्स पॅनेल उपलब्ध आहेत आणि त्यांचा खर्च हजारांच्या घरात जातो. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या किंवा निदान सापडत नसलेल्या रुग्णात हा खर्च सार्थकी लागतो. इतरांत फ्लू, कोरोना आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू) या तीन विषाणूंची चाचणी बहुधा पुरते, असे मला वाटते. ज्या विषाणूंवर औषधच नाही त्यांची लांबलचक यादी हाती आल्याने उपचारात क्वचितच फरक पडतो.

रिपोर्टवर सीटी व्हॅल्यू लिहिली आहे. ती कमी असेल तर आजार जास्त गंभीर असतो का?

येथील सीटीचा सीटी स्कॅनशी काही संबंध नाही. चमक ठरावीक पातळी ओलांडायला किती आवर्तने लागली, तो हा आकडा. आकडा जितका लहान तितका नमुन्यात विषाणूचा आरएनए जास्त, साधारण ३.३ आवर्तनांचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक. परंतु स्वॅब किती खोल गेला, नमुना कुठला होता आणि यंत्र कोणते यांवर तो आकडा बदलतो, म्हणून दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून रुग्ण सुधारतो आहे की खालावतो आहे हे ठरवू नये. ते ऑक्सिजनची गरज, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण यांवरून ठरते.

रक्त तपासून किंवा एक्स-रे पाहून फ्लू कळत नाही का?

रक्तातील अँटिबॉडी वाढायला दोन आठवडे लागतात आणि निदानासाठी दोन वेळा रक्त घेऊन चौपट वाढ दाखवावी लागते, त्यामुळे चालू उपचाराला ती तपासणी निरुपयोगी आहे. एक्स-रे व सीटी स्कॅन फुप्फुसांचे किती नुकसान झाले ते दाखवतात. ते कोणी केले हे सांगत नाहीत.

‘इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह, उपप्रकार निश्चित झाला नाही’ असा रिपोर्ट आला. याचा अर्थ काय?

बहुतेक वेळा अर्थ साधा असतो : विषाणूचे प्रमाण इतके कमी होते की मॅट्रिक्स जनुक सापडले, पण एच१ किंवा एच३ ओळखता आले नाही. परंतु विषाणूचे प्रमाण भरपूर असूनही उपप्रकार जुळत नसेल, तर तो पक्ष्यांतून आलेला एखादा वेगळा प्रकार तर नाही ना, हे तपासणे भाग असते. ही शंका इंदूरकरांना परकी वाटू नये. डेली कॉलेजच्या परिसरात मेलेल्या कावळ्यांच्या नमुन्यांत २०२१ च्या आरंभी एच५एन८ हा बर्ड फ्लूचा विषाणू भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेने शोधला होता. माणसांत तेव्हा तो पसरला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये मात्र हरियाणातील एका मुलाचा दिल्लीच्या एम्समध्ये एच५एन१ ने मृत्यू झाला आणि भारतातील माणसाची ती पहिली नोंद ठरली.

अशा वेळी रुग्णाचा कोंबड्या, मेलेले पक्षी किंवा आजारी जनावरे यांच्याशी संबंध आला होता का हे नातेवाइकांना विचारले जाते आणि उत्तर मोकळेपणाने द्यावे. नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवला जातो, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना कळवले जाते आणि रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात. या प्रकारांत खालच्या श्वसनमार्गातला नमुना आणखी महत्त्वाचा ठरतो, कारण हे विषाणू फुप्फुसांच्या खोल भागात अधिक सहजपणे रुजतात.

रुग्ण सुधारतो आहे, पण पुन्हा केलेली पीसीआर पॉझिटिव्हच आहे. हे कसे?

पीसीआर विषाणूचा आरएनए शोधते. तो विषाणू जिवंत आहे का हे तिला कळत नाही. गंभीर रुग्णांत, आणि विशेषतः प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांत, तिचा निकाल अनेक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतो. त्यामुळे सुधारत असलेल्या रुग्णाची केवळ ‘निगेटिव्ह झाला का’ हे पाहण्यासाठी वारंवार तपासणी करण्याची गरज नसते. वेगळे ठेवण्याची मुदत सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून सात दिवस किंवा ताप व श्वसनाची लक्षणे ओसरल्यानंतर २४ तास, यांपैकी जी जास्त असेल ती धरतात. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांत ती वाढवावी लागते.

उलट, पूर्ण उपचार देऊनही रुग्ण सुधारत नसेल आणि पीसीआर पॉझिटिव्हच असेल, तर विषाणू औषधाला दाद देईनासा झाला आहे का हे पाहावे लागते. एच१एन१ मध्ये एच२७५वाय या नावाचा बदल ऑसेल्टामिव्हिरला निष्प्रभ करतो. तो ओळखण्याची चाचणी मोजक्याच प्रयोगशाळांत होते, म्हणून नमुन्याचा काही भाग उणे ७० अंशांवर जपून ठेवण्याची सूचना प्रयोगशाळेला वेळीच द्यावी.

आमच्या रुग्णाने लस घेतली होती. तरी तपासणी करायची का?

करायची. लसीने गंभीर आजाराची शक्यता घटते, शून्य होत नाही. दंडात टोचलेल्या लसीमुळे चाचणी पॉझिटिव्ह येत नाही. नाकात फवारलेल्या जिवंत लसीनंतर मात्र काही दिवस येऊ शकते, म्हणून अलीकडे कोणती लस घेतली ते डॉक्टरांना सांगावे.

घरातील इतर सर्वांनीही तपासणी करून घ्यावी का?

लक्षणे नसलेल्यांना तपासणीची गरज नाही. सौम्य सर्दी-ताप असलेले, अन्यथा धडधाकट असलेले सदस्य अ वर्गात येतात; त्यांनी घरी राहावे, मास्क लावावा आणि रुग्णाला भेटायला अतिदक्षता विभागात जाऊ नये. घरात गर्भवती, पाच वर्षांखालील मूल, ६५ च्या पुढचे कोणी, किंवा मधुमेह, हृदय, मूत्रपिंड वा फुप्फुसाचा जुना आजार असलेले कोणी असेल, तर त्यांनी ताप येताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि घरातील रुग्ण फ्लूने अतिदक्षता विभागात आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे. त्यांना तपासणीच्या निकालाआधीच ऑसेल्टामिव्हिर सुरू केले जाऊ शकते, आणि निकट संपर्कात आलेल्या, पण अद्याप लक्षणे नसलेल्या अशा व्यक्तींना प्रतिबंधक मात्रा द्यायची की नाही हेही डॉक्टर त्याच भेटीत ठरवू शकतात. रुग्णाच्या रिपोर्टचा मोबाइलवर काढलेला फोटो त्या वेळी सोबत असावा.